उसनी छाती

जावयाचा खोकला जावयाच्या आधी घरात आला.

जबलपूरच्या गोहलपुरातल्या त्या अरुंद जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. दर तीन-चार पायऱ्यांनंतर तो खोकला थांबे, भिंतीला टेकल्यासारखा गप्प होई आणि पुन्हा चढू लागे. वर दाराशी उभ्या असलेल्या भाऊराव ढोबळ्यांचा हात कडीवर तसाच राहिला. आवाज ओळखीचा होता, पण तो सचिनचा नव्हता. सचिनला त्यांनी दिवाळीत पाहिले तेव्हा तो चांगला हसत-बोलत होता. आखूड, कोरडा, शेवटी बारीक शीळ घालणारा हा खोकला त्यांनी दुसऱ्याच एका माणसाच्या तोंडून ऐकला होता. तो माणूस, खाणीतला मुरलीधर, गेल्या पावसाळ्यात वारला होता.

त्यांनी दार उघडले. समोर त्यांची मुलगी शर्मिला होती, दोन्ही पिशव्या तिच्याच हातांत. तिच्यामागे कठडा धरून सचिन उभा होता. वय चव्वेचाळीस, ओठांच्या कडा निळसर झालेल्या.

"जिना वाढवला का काय, मामाजी?" तो म्हणाला. "मागच्या बारीले इतका लंबा नव्हता."

सगळे हसले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत असा एखादा खोकला राहायला येतो. आपण त्याला थंडीचे नाव देतो, हळदीचे दूध देतो आणि बोलणे दुसरीकडे वळवतो. भाऊरावांनीही तेच केले. बस वेळेवर होती का, वाटेत धुके किती होते, असे विचारत त्यांनी जावयाला खिडकीपाशी बसवले. खालच्या मजल्यावर सलवार-सूट शिवणाऱ्यांचा कारखाना होता. वीस यंत्रांची घरघर जमिनीतून वर येत होती आणि त्या घरघरीत सचिनचा श्वास बुडून जात होता. ते बरे होते.

चहा झाल्यावर शर्मिलाने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून वडिलांसमोर ठेवला. त्यावर ठेकेदाराचा शिक्का होता. खाली उद्याची तारीख आणि राइट टाउनमधल्या एका तपासणी केंद्राचा पत्ता.

बिलौंधीची कोळशाची खाण जबलपूरपासून चार तासांवर. तिथे जमिनीखाली काम करणारी बरीच माणसे आता ठेकेदाराची होती. दर वर्षी जानेवारीत ठेका नवा होई आणि त्याबरोबर माणसांची तपासणीही. बस भरून त्यांना राइट टाउनला आणत, प्रत्येकाच्या छातीचा फोटो काढत. अहवालावर ‘योग्य’ लिहिलेला माणूस बसमध्ये परत चढे. ज्याच्या अहवालावर दुसरे काही लिहिलेले असे, त्याचे नाव गाडीच्या दाराशीच यादीतून खोडले जाई.

सचिन ड्रिल चालवायचा. कोळशाच्या भिंतीत भोक पाडताना नळीने पाणी सोडायचे, म्हणजे धूळ जागच्या जागी बसते, असा नियम. पण पाणी लावले की भोके कमी होतात, आणि किती भोके पडली यावरच सगळे ठरते. म्हणून नळी गुंडाळून खुंटीला टांगलेली असे. नियम पाहायला कोणी येणार असेल त्या दिवशी ती खाली उतरे. अकरा वर्षे सचिन त्या कोरड्या, काळ्या धुक्यात तोंडाला गमछा बांधून उभा होता.

"बाबा," शर्मिला म्हणाली, "तुम्ही सगळ्यायले छाती दिली. ह्यायले काहून नाही?"

छाती देणे! बिलौंधीत या शब्दांचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक होता.

भाऊरावांनी छत्तीस वर्षे त्या खाणीच्या दिव्याच्या खोलीत काढली होती. कामगार येई, आपला पितळी बिल्ला देई, भाऊराव त्याला त्याच्या नंबरचा डोक्याचा दिवा देत. पाळी सुटल्यावर दिवा परत येई, बिल्ला परत जाई. खुंटीवर बिल्ला राहिला, म्हणजे माणूस अजून खाली आहे. छत्तीस वर्षांत ते स्वतः मात्र एकदाही खाली उतरले नाहीत. त्यांचे काम उजेडातले होते, म्हणून त्यांची छाती स्वच्छ राहिली. कोणाच्या डोक्यात पहिल्यांदा आले कोण जाणे, पण एका वर्षी एक धापा टाकणारा कामगार त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि भाऊराव त्याच्या चिठ्ठीवर, त्याच्या नावाने, यंत्रासमोर उभे राहिले. फोटो स्वच्छ निघाला. माणूस कामावर परत गेला. त्याच्या बायकोने भाऊरावांच्या पायांवर डोके ठेवले.

मग हे चालतच राहिले. निवृत्तीनंतर ते पत्नीच्या उपचारासाठी जबलपुरात आले. पत्नी गेली, ते इथेच राहिले. आणि नेमकी तपासणीही राइट टाउनला येऊ लागली. माणसे आता त्यांच्याच जिन्यावर येऊन बसत. कोणाकडून त्यांनी एक पैसा घेतला नाही. विड्याचे पानसुद्धा नाही. ज्याच्यासाठी उभे राहायचे त्याचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख ते पाठ करून घेत आणि पुढे विसरत नसत. देवळात जाणारा माणूस जसा आपल्या पुण्याविषयी गप्प राहतो, तसे ते या गोष्टीविषयी गप्प राहत.

आता स्वतःची मुलगी समोर बसली होती, आणि त्यांना होकार द्यायला वेळ लागत होता.

"सचिनराव, किती दिवसांपासून हाय हे?"

"थंडीचं हाय, मामाजी."

"थुंकी?"

सचिनने खिडकीबाहेर पाहिले. उत्तर शर्मिलाने दिले, हळू आवाजात. उशीच्या अभ्र्यावर काळे डाग पडतात. तिने ते तीनदा उकळत्या पाण्यात धुतले, निघाले नाहीत.

भाऊरावांनी कागद उचलला. "जातो मी," ते म्हणाले. "जवाईबापूसाठी नाही जाणार तर कोणासाठी जाईन."

*

दुपारी तीनच्या सुमारास वीज गेली.

खालची वीस यंत्रे एकाच क्षणी थांबली. जमिनीतून येणारी घरघर आटली आणि खोली इतकी शांत झाली, की तिच्या तळाशी पडून असलेला आवाज वर आला. सचिन खाटेवर झोपला होता. त्याचा श्वास आत जाताना फुटक्या बासरीसारखा वाजत होता. बाहेर येताना वाटेत कुठेतरी अडत होता, आणि तो सुटेपर्यंत ऐकणाऱ्याचाही श्वास थांबत होता. शर्मिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, हातातली मेथी न निवडता, त्या थांबण्याकडे पाहत होती.

भाऊराव खुर्चीत होते. त्यांचा डोळा लागला असावा. अर्धवट झोपेत त्यांना दिव्याची खोली दिसली. पाळी सुटली होती, माणसे रांगेने येऊन दिवे परत देत होती. पण ते बिल्ले परत करू गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की खिडकीतून आत येणाऱ्या प्रत्येक हाताची नखे त्यांच्याच नखांसारखी आहेत. त्यांनी मान वर करून चेहरा पाहायचा प्रयत्न केला. चेहरा नव्हता. छातीपासून वर नुसते धुके होते, आणि त्या धुक्यातून कोणीतरी खोकले.

त्यांनी डोळे उघडले. शर्मिला त्यांच्यासमोर उभी होती.

"सचिन उठला का?" त्यांनी विचारले. "खोकलून राहिला होता."

"ते झोपले हायत, बाबा." तिचा आवाज बदलला होता. "तुम्ही खोकलत होते. अगदी ह्यांच्यासारखं."

"मी? मले कुठं खोकला हाय?"

त्यांना खोकला नव्हता. एकाहत्तर वर्षांत त्यांना छातीचा आजार म्हणून कधी झाला नव्हता. त्यांनी छातीवर हात ठेवला. हाताखाली सगळे नेहमीसारखे चालले होते. तरी त्यांना वाटले, आत कोणीतरी कूस बदलली.

वीज आली. यंत्रे पुन्हा घरघरू लागली आणि सगळे काही झाकले गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या खिडकीवर सचिनने आपले ओळखपत्र दाखवले आणि चिठ्ठी घेतली. आतल्या बोळाच्या वळणावर, पाण्याच्या मशीनपाशी, ती चिठ्ठी भाऊरावांच्या हातात आली. इतकेच करायचे असे. पुढे कोणी ओळखपत्र पाहत नसे. थंडीचे दिवस; मफलर आणि मास्क यांत सगळी माणसे सारखीच दिसतात.

आतून हाक आली. "सचिन! वडील देवीदास!"

खोलीत तांबूस दिवा होता. भाऊरावांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि ते यंत्राच्या पाटीपुढे जाऊन उभे राहिले. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. पाटी थंड असायला हवी होती. पण आधीचा माणूस नुकताच गेला होता आणि त्याच्या छातीची ऊब तिच्यावर अजून होती. ती ऊब त्यांच्या कातडीला चिकटली.

काचेमागून बाईचा आवाज आला. "साँस भरिए."

त्यांनी श्वास भरला.

"रोकिए."

त्यांनी रोखला.

यानंतर यंत्र एकदा टक् करते आणि ‘छोड़िए’ असा शब्द येतो, हे त्यांना पाठ होते. टक् झाले नाही. शब्द आला नाही. ते थांबले. कानांत रक्ताचा आवाज सुरू झाला. तांबूस दिवा आक्रसल्यासारखा वाटू लागला. आणि त्या कोंडलेल्या श्वासात त्यांना जाणवले, की पाठीमागे रांग आहे. कोणीतरी त्यांच्या पाठीला छाती लावून उभे आहे, त्याच्या पाठीला आणखी कोणी, त्याच्यामागे आणखी कोणी, आणि सगळ्यांनी त्यांच्याबरोबर श्वास रोखून धरला आहे. ते सोडतील तेव्हाच त्यांना सोडता येणार आहे. ते मात्र सोडत नाहीत. कारण कोणी सांगितलेले नाही.

शेवटी श्वास आपोआप सुटला. त्यांनी मागे वळून पाहिले. दारापाशी एक बाई उभी होती, पन्नाशीची, पांढरा कोट, कपाळावर चष्मा. छातीवरच्या पट्टीवर नाव होते: विनता.

"काका," ती मराठीत म्हणाली, "नव्या माणसाला खांदे पुढे घ्यायला मला तीनदा सांगावं लागतं. तुम्हाला एकदाही नाही लागलं."

भाऊरावांनी खुंटीवरच्या सदऱ्याकडे हात नेला.

"सदरा घाला. थंडी आहे. आणि जरा या इकडे."

काचेमागच्या लहान खोलीत भिंतीवर उजेडाची लांब पेटी होती. विनताने कपाटातून पाकिटांचा गठ्ठा काढला आणि प्रत्येक नावाची एकेक फिल्म पेटीवर अडकवू लागली. सात फिल्मा. सात छात्या, काळ्या, स्वच्छ, चांदण्या रात्रीच्या आभाळासारख्या. आणि प्रत्येकीत उजव्या बाजूची सातवी बरगडी एकाच जागी, एकाच तऱ्हेने वाकलेली.

"लहानपणी मोडली होती?"

"बैलगाडीवरून पडलो होतो." त्यांचा हात नकळत तिथे गेला. "बांधली तशीच जुळली."

विनता पहिल्या फिल्मवरचे नाव वाचू लागली. "रामखिलावन."

आणि छत्तीस वर्षांच्या सवयीने भाऊरावांच्या तोंडून निघाले, "वडील बिसाहू. दिवा चाळीस."

"वारले. सुखलाल?"

"वडील गोविंद. दिवा एकशे सत्त्याण्णव."

"घरी आहेत. ऑक्सिजनची नळी लावून. विष्णुपंत?"

"वडील... वडील तुकाराम."

"वारले." ती पुढच्या फिल्मकडे सरकली. "मुरलीधर."

भाऊरावांना त्याच्या बापाचे नाव आठवत होते, दिव्याचा नंबरही आठवत होता. तरी ते फिल्माच मोजत राहिले. एकाच छातीला सात नावे! त्यातली तीन तरी स्मशानात गेली होती, आणि ती छाती इथे उभी राहून श्वास घेत होती.

"मी कोणाचा पैसा नाही घेतला, बाई," अखेर ते म्हणाले. "घरं वाचवली त्यायची. अनफिट झाला की दुसऱ्या दिवशी चूल बंद. मी काय करत होतो? उभाच तर राहत होतो."

विनताने स्टूल ओढून त्यांना बसवले. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना सोपे गेले असते.

तिने जे सांगितले ते असे: महिन्यापूर्वी मुरलीधरची बायको राधाबाई या केंद्रात आली होती. नवऱ्याचा आजार खाणीमुळे झाला असा अर्ज तिने केला होता. अर्ज फेटाळला गेला, कारण लागोपाठ तीन वर्षांच्या फोटोंत फुफ्फुसे निर्दोष होती. गावातल्या डॉक्टरनेही तेच फोटो पाहून दम्याची औषधे चालवली होती. छातीत धूळ असेल अशी शंका घ्यायला त्याला जागाच राहिली नव्हती. राधाबाई बाकावर तो फोटो मांडीवर घेऊन बसली होती आणि विचारत होती, की ज्या माणसाला शेवटी पाण्याचा पेला उचलता येत नव्हता, त्याची छाती इतकी चांगली कशी?

"मी फोटो उजेडाला लावला," विनता म्हणाली, "आणि ही बरगडी दिसली. खरं सांगू? ती मी आधीही पाहिली होती. दोन वर्षांपूर्वी. डॉक्टरसाहेबांना दाखवली, ते म्हणाले, आपलं काम फुफ्फुस पाहायचं, बरगड्या मोजायचं नाही. मी पाकीट बंद केलं. म्हणजे तुम्ही एकटे नव्हता, काका. मीही तुमच्याबरोबर उभीच होते."

बाहेर कोणीतरी दार वाजवले. तिने "रुकिए जरा" म्हणून त्याला थांबवले.

"ही धूळ एकदा आत गेली की निघत नाही. औषधानं नाही, धूळ काढतो म्हणतात त्या गुळानं नाही, कशानंच नाही. पण माणूस वेळेवर वर आला तर पुढची धूळ तरी थांबते. काही वर्षं मिळतात. ती वर्षं मागायला त्याच्याजवळ एकच साक्षीदार असतो, त्याची स्वतःची छाती. ती खोटं बोलत नाही, ठेकेदाराला भीत नाही. त्या साक्षीदाराला तुम्ही घरी पाठवलंत आणि त्याच्या जागी तुम्ही बोललात. चूल वाचली म्हणता. चूल पेटवणारा कुठं वाचला?"

भाऊराव पेटीकडे पाहत होते. सात छात्या त्यांच्याकडे पाहत होत्या.

"आज कोणासाठी आलात?"

"जावई हाय," ते म्हणाले. आणि मग, जणू तिने विचारलेच नाही अशा आवाजात, पुन्हा: "माह्या पोरीचा नवरा हाय."

*

बोळात सचिन भिंतीला टेकून उभा होता, शर्मिला त्याचा स्वेटर हातात धरून. भाऊरावांनी चिठ्ठी सचिनच्या मुठीत ठेवली.

"जा. तुमची तुम्ही दाखवा."

"काय बोलून राहिले, मामाजी? बस उभी हाय खाली."

शर्मिलाने वडिलांचा दंड धरला. ती ओरडली नाही. दात आवळून, आजूबाजूला ऐकू जाऊ नये अशा बेताने ती म्हणाली, की मुरलीकाकांसाठी उभे राहिलात, परक्या माणसांसाठी उभे राहिलात, आणि पोटच्या पोरीच्या वेळी तुम्हाला धर्म आठवला. पोरगी दहावीत आहे. खोलीसुद्धा ठेकेदाराची. हे परत गेले नाहीत तर आम्ही जायचे कुठे?

"माह्या घरी," भाऊराव म्हणाले.

"आणि मग?"

"मग मले नाही माहीत."

ते खरे होते. भाऊराव बोळातल्या रिकाम्या बाकाकडे पाहत होते.

"राधाबाई मागच्या महिन्यात ह्याच बाकावर बसली होती, शर्मिले. मांडीवर मुरलीचा फोटो घेऊन. तो फोटो माहा होता. तिचा नवरा मेला, अन् तिच्या हाती माही छाती राहिली. तिनं कितीही दाखवला तरी तो मुरलीबद्दल एक शब्द बोलणार नाही." त्यांनी बाकावरची नजर तिच्याकडे वळवली. "तुह्या मांडीवर कोणाचा फोटो पाह्यजे तुले?"

शर्मिलाच्या हातातून स्वेटर खाली गळला. तो उचलायला सचिन वाकला आणि खोकल्याने त्याला वाकल्या जागीच धरून ठेवले. बराच वेळ तो सरळ होऊ शकला नाही. बोळातली इतर माणसे, बिलौंधीहून त्याच बसने आलेली, जमिनीकडे पाहू लागली. प्रत्येकाला तो खोकला ओळखीचा होता.

सचिन सरळ झाला. चिठ्ठी त्याच्या मुठीत चुरगळली होती. त्याने ती पोटावर ठेवून सपाट केली आणि आत गेला.

श्वास भरून तो रोखणे त्याला जमेना. दोनदा खोकला आला. तिसऱ्या वेळी यंत्र टक् वाजले. विनताने थोड्या वेळाने तिघांनाही आत बोलावले. फिल्म उजेडाच्या पेटीवर लागली होती, त्या सातांच्या शेजारी. सचिनने ती पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आले.

"ही तर पांढरी हाय, दीदी," तो म्हणाला. "ह्या बाकीच्या काळ्या हायत. माही साफ निघाली ना?"

बाहेर राइट टाउनच्या रस्त्यावर स्कूटर, ऑटो नेहमीप्रमाणे धावत होते.

विनताने चष्मा काढून पुसला. मग तिने त्याला समजावले, हळूहळू, लहान मुलाला अंधाराविषयी समजवावे तसे. फोटोत उलटे असते, भैया. हवा काळी दिसते. जिथे हवा पोचत नाही ते पांढरे दिसते. वरच्या भागात हे जे दोन गोळे आहेत, पहाटे नदीवर साचलेल्या धुक्यासारखे, ती तुमची अकरा वर्षे आहेत.

सचिन त्या धुक्याकडे पाहत राहिला. मग त्याने हात पुढे करून फिल्मवर बोट फिरवले, आणि सवयीने, कोळशाच्या माणसाला असते त्या सवयीने, बोट काळे झाले का ते पाहिले. बोट स्वच्छ होते.

*

दुपारी बस निघाली तेव्हा तीत सचिन नव्हता. यादीतले त्याचे नाव बसच्या दाराशीच खोडले गेले. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. पाण्याच्या मशीनपाशी आपल्या चिठ्ठ्या दुसऱ्या कोणाला देण्यासाठी दोघे थांबले होते, ते काही वेळ एकमेकांकडे पाहत राहिले आणि आपापली चिठ्ठी घेऊन स्वतः आत गेले. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. त्यांनी फक्त सचिनला बाहेर येताना पाहिले होते.

पुढचे सोपे नव्हते, आणि सोपे होते असे सांगणे म्हणजे आणखी एक खोटी फिल्म लावण्यासारखे होईल. विनताने सातही फिल्मा आपल्या पत्रासह खाणींचा तपास करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे पाठवल्या. त्यानंतर केंद्रात तिला यंत्रावरून उठवून पावत्यांच्या खिडकीशी बसवण्यात आले. सचिनच्या छातीची तपासणी मोठ्या डॉक्टरांच्या मंडळापुढे गेली; तिथे त्याच्या आजाराला त्याचे खरे नाव मिळाले आणि उपचार सुरू झाला. जमिनीवरचे काम मिळावे म्हणून त्याने केलेला अर्ज अजून फिरतो आहे. तोवर तो गोहलपुरात राहतो, खालच्या कारखान्यात सकाळच्या वेळी कपड्यांच्या घड्या घालतो, आणि सतरा पायऱ्या चढताना तीनदा थांबतो. पूर्वी पाचदा थांबत असे.

भाऊरावांनी सगळे लिहून दिले. कोणासाठी उभे राहिलो, कुठे, कोणत्या वर्षी. हा गुन्हा आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी मान हलवली. फक्त एक अडचण राहिली होती: त्या फिल्मा त्या-त्या कामगारांच्या नाहीत हे सिद्ध व्हायला त्या कोणाच्या आहेत हे दिसायला हवे होते. पण ती वाकलेली बरगडी ताडून पाहायला इतक्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या नावाची एकही फिल्म नव्हती.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते पुन्हा त्याच खोलीत गेले. अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्या दिवसापुरती विनताच यंत्रावर होती. बोळातल्या बाकावर राधाबाई बसली होती. भाऊराव तिच्यासमोर थांबले. पायांवर डोके ठेवणाऱ्या कितीतरी बायका त्यांना आठवल्या. या बाईने मान वर केली आणि एवढेच विचारले, "आधी काहून नाही आले, भाऊजी?"

ते आत गेले.

वाचकहो, आपल्या घरात बटण दाबताच उजेड पडतो. त्या उजेडाची दुसरी बाजू कुठेतरी जमिनीखाली असते, आणि तिथे कोणीतरी तोंडाला गमछा बांधून उभे असते. पाण्याची नळी खुंटीवर का टांगली आहे, हे आपण विचारत नाही. आजार लपवला तर नोकरी राहते आणि सांगितला तर जाते, अशी रचना आपल्यासमोर उभी राहिली आणि तिला आपण व्यवहार म्हटले. भाऊराव दुष्ट नव्हते. दुसऱ्याचे दुःख झाकले की ते कमी होते, एवढाच त्यांचा समज होता. आणि तो आपल्यापैकी कितीजणांचा आहे! झाकलेले दुःख आत बसते, दगडासारखे घट्ट होते आणि शेवटी माणसाच्या श्वासाची जागा घेते. कष्टकऱ्याला दया दाखवायची असेल तर त्याच्या आजाराचे खरे नाव मोठ्याने उच्चारावे, आणि ते उच्चारल्यामुळे त्याची चूल विझणार नाही याची जबाबदारी सगळ्यांनी मिळून घ्यावी.

"नाव?" काचेमागून आवाज आला.

"भाऊराव. वडील नथ्थूजी ढोबळे." आणि मग, कोणी न विचारताच: "दिवा नाही. माहा दिवा कधी नव्हताच."

पाटी थंड होती. त्यांनी छाती टेकवली, खांदे पुढे घेतले.

"श्वास भरा."

त्यांनी भरला. त्यांच्यामागे, तांबूस काळोखात, ती रांग पुन्हा उभी राहिली. पाठीला छाती लावून, त्यांच्याइतकीच स्तब्ध. या वेळी त्यांनी वळून पाहिले नाही.

"रोखा."

यंत्र टक् वाजले.

"सोडा, काका," विनता म्हणाली. "आता सोडा."

त्यांनी श्वास सोडला. तो फार लांब होता. एका माणसाच्या छातीत मावणार नाही इतका लांब.